पुस्तकांचा ग्रुप आणि लोणच्याचं मीठ

पत्र

ताई, सांगलीच्या एका कॉलेजच्या होस्टेलवर १९८५ ते ८८ आम्ही सहाजणी एकत्र होतो. आता मी डोंबिवलीत, बाकीच्या पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली आणि एक न्यू जर्सीला. २०१६ मध्ये आम्ही व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. नियम एकच : इथे फक्त पुस्तकं आणि सिनेमे. लॉकडाउनमध्ये तर बहार होती. दर शनिवारी सहाजणी आपापल्या घरी एकच सिनेमा बघायचो आणि रात्री दीड-दीडपर्यंत त्यावर भांडायचो.

आता ग्रुपवर काय असतं? गुडघे, नातवंडं आणि भाज्या. मेमध्ये मी एक सहाशे पानांची कादंबरी १२ दिवसांत वाचून काढली आणि तिच्यावर मन लावून लिहिलं, चारशेएक शब्द. त्यावर दोन अंगठे आले आणि एक नमस्कार. चार मिनिटांनी नाशिकच्या मैत्रिणीने कैऱ्यांचा फोटो टाकून लोणच्याला मीठ किती घालायचं ते विचारलं, आणि त्यावर ४७ मेसेज झाले! मी मोजले. पुण्याची प्रत्येक सिनेमाचा शेवट सांगून टाकते, वर नव्या पुस्तकांच्या पीडीएफ पाठवते. न्यू जर्सीची सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवते. कोल्हापूरची आमच्यात सगळ्यांत जास्त वाचणारी होती, ती आता नुसते हात जोडते. ग्रुप सोडावा का? की खरंच वाचणाऱ्या तिघींचा वेगळा ग्रुप करावा? पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडले आहेत.

– ग्रुपमध्ये एकटी, डोंबिवली

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र एकदा वाचलं आणि स्क्रीनशॉट तीनदा. दुसऱ्यांच्या गप्पा वाचायला कुणाला आवडत नाही! पण तुमच्या मैत्रिणींना याचा पत्ता नाही, म्हणून वाचून झाल्यावर ते अठराही माझ्या फोनमधून काढून टाकले. इथे गावांच्या नावांनीच बोलूया. होस्टेलवर तरी तुम्ही दुसरं काय करत होतात? ‘कोल्हापूरला चहा, नाशिकला कॉफी’ असंच चालायचं ना?

आधी तुमची बाजू घेते, कारण ती घेण्यासारखी आहे. बारा दिवस एका कादंबरीत राहायचं, त्यातून बाहेर आल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटायचं, रात्री जेवणं उरकल्यावर फोनवर एका बोटाने चारशे शब्द लिहायचे, पाठवायच्या आधी दोनदा वाचायचे आणि मग चार मिनिटांत त्यावर टोपलीभर कैऱ्या येऊन पडायच्या. राग येणारच. मला तरी आला असता. माझ्या लेखावर एकदा एका नातेवाइकाने ‘छान. बाकी तिकडे पाऊस काय म्हणतोय?’ असं लिहिलं होतं. त्याला मी अजून पाऊस सांगितलेला नाही.

आता दुसरी बाजू. ‘पूर्वी कसं छान होतं’ हे मला दाखवायला तुम्ही २०२० च्या मे महिन्यातले दोन स्क्रीनशॉट जोडलेत. ते परत उघडून बघा. सिनेमातल्या बाईने घर सोडायला हवं होतं की नको, यावर तुमचं आणि पुण्याचं जोरात जुंपलंय, आणि बरोबर मधोमध नाशिक विचारतेय, ‘यीस्ट मिळतंय का गं कुठे?’ त्यावर नऊ मेसेज आहेत. त्यातले दोन तुमचे आहेत. दह्यात सोडा घालून पाव कसा करायचा ते तुम्ही सांगितलंत, अगदी चमच्यांच्या मापासकट. मग पुन्हा घर सोडणाऱ्या बाईकडे वळलात. तुमच्या आठवणीतून यीस्ट गळून गेलं, बाई तेवढी राहिली. ‘फक्त पुस्तकं आणि सिनेमे’ हा नियम तुमच्या ग्रुपने एकही दिवस पाळलेला नसणार. माझी पैज आहे.

हे मी कशाच्या जोरावर म्हणते? मी २८ वर्षं एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात काढली. लाकडी काउंटर, तारखेचा शिक्का, कार्डांचे ट्रे आणि पलीकडे वर्गणीदार. लोकांना वाटतं ग्रंथालयात दिवसभर पुस्तकांवर चर्चा झडतात. मी सांगते तिथे काय चालतं. पुस्तक परत करताना बाई म्हणते, ‘शेवट नाही पटला हो.’ झालं, पुस्तकावर एवढंच. मग तीच बाई पुढची दहा मिनिटं सुनेच्या ॲडमिशनबद्दल – हो, सुनेच्याच, सून बी.एड. करत होती – बोलत राहते, मागे तीनजणं ताटकळतात, आणि जाता जाता ती विचारते, ‘तसलंच दुसरं काही आहे का, पण शेवट बरा असलेलं?’ आता तिला कुठलं पुस्तक द्यायचं, हे मला त्या एका वाक्यावरून कधीच कळलं नसतं. ते कळायचं सुनेच्या दहा मिनिटांवरून. नवीन मुलगी काउंटरवर आली की मी तिला सांगायची, वर्गणीदार गप्पा मारत असला तर घड्याळाकडे बघू नकोस. त्याच्या पुढच्या पुस्तकाची चिठ्ठीच तो तोंडी देतोय असं समज.

आणि पत्रांचं म्हणाल, तर जी. ए. कुलकर्णी धारवाडात बसून पत्रं लिहायचे. माणसांत फारसे न मिसळणारा हा लेखक पत्रांत मात्र मोकळा व्हायचा. सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली पत्रं २००३ मध्ये ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तकरूपात आली. आमच्याकडे त्या पुस्तकाला कायम नंबर लागलेला असायचा. साहित्यावरच्या थोर गोष्टी वाचायच्या म्हणून लोक ते न्यायचे आणि परत करताना बोलायचे ते घरच्या, तब्येतीच्या, प्रवासाच्या ओळींबद्दल. माझ्याकडेही एका मैत्रिणीची निळी अंतर्देशीय पत्रं आहेत, १९८० च्या दशकातली. परवा ती काढून बसले होते. तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवरची तिची मतं मी भरभर ओलांडली. थांबले कुठे? घडीच्या कडेला, जिथे डिंक असतो तिथे, उभं वळून बारीक अक्षरात लिहिलेल्या ‘नळाला पाणी रात्री अडीचला येतं, तोवर तुझं पुस्तक वाचते’ या ओळीवर. मैत्रीण आता नाही. पुस्तक कुठलं होतं तेही आठवत नाही.

असो. तुमच्या चारशे शब्दांकडे येते. तो मजकूर तुम्ही स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण पाठवलाय आणि तो चांगला आहे, हे आधीच सांगते. पण फोनवर तो कसा दिसला असेल ते बघा. वर काही ओळी, मग खाली ‘आणखी वाचा’. उघडला की बोट सरकवत राहायचं. त्यात कथानक आहे, लेखकाची शैली आहे, काळाचा पट आहे, शेवटी ‘एकंदरीत’ आहे. एकंदरीत म्हटल्यावर समोरच्याने काय बोलायचं? ज्या पाचजणींनी ती कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. सहाशे पानं वाचून यायचं, नाहीतर अंगठा दाखवायचा. अंगठ्याला तुम्ही दुर्लक्ष म्हणता. मला तो दहावीच्या पेपरात प्रश्न न आल्यावर पुरवणी न घेता उठणाऱ्या मुलासारखा वाटला. कैरीच्या फोटोला मात्र उत्तर देता येतं. मीठ सगळ्यांनाच माहीत असतं.

तुमच्याच मजकुरात, मधेच कुठेतरी, एक वाक्य पुरलेलं आहे : ‘यातली आत्या आपल्या रेक्टरबाईंसारखी दारामागे उभी राहून ऐकते.’ अहो, हेच पाठवायचं होतं! एवढंच. त्या पानाचा फोटो आणि खाली ‘कोण आठवतंय सांगा.’ मग बघा सत्तेचाळीस होतात की सत्त्याण्णव. आणि रेक्टरबाईंवरून गाडी कादंबरीवर कशी आणायची ते तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं. चारशे शब्द लिहायची हौस सोडू नका, पण ते वहीत लिहा, नाहीतर एखाद्या मासिकाला पाठवा. तुम्हाला लिहिता येतं.

बाकीच्या तक्रारी झटपट उरकते.

पुण्याला शेवट सांगायची खोड आहे आणि या वयात ती जाणार नाही. तिला सांगा, सिनेमाचं नाव टाइप कर आणि शेवटाबद्दल जे काय बोलायचंय ते बोलून पाठव. लिहिलेलं डोळ्यांना चुकून दिसतं, बोललेलं ऐकायला बोटाने दाबावं लागतं. आमच्या घरी हा उपाय माझ्या भाच्यावर चालला.

पीडीएफबद्दल मात्र मी कडक आहे, इथे माझ्यातली ग्रंथपाल जागी होते. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून सर्वांना मोकळी झाली; ती पुण्याने खुशाल पाठवावीत. पण गेल्या वर्षी आलेल्या पुस्तकाची कुणीतरी पानन्‌पान स्कॅन केलेली फाइल पाठवणं म्हणजे लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या खिशात हात घालणं. मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, त्यात तुमच्यासारख्या पट्टीच्या वाचणाऱ्याही फुकट वाचायला लागल्या तर विकत कोण घेणार? हे ग्रुपवर चारचौघींत सुनावू नका, तिला एकटीला फोन करून सांगा. आणि आजवर आलेल्या फाइल तुम्ही डाउनलोड केल्या नाहीत ना? पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही, म्हणून विचारते.

न्यू जर्सीच्या सात मिनिटांबद्दल. मेसेज दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकता येतो, ते तुम्हाला ठाऊक असेलच. पण स्क्रीनशॉटमधली वेळ बघा : सकाळी ६.१०. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे आठ चाळीस. तुम्हीच वैतागून लिहिलंय, ‘मागे भांडी वाजत असतात.’ जेवणं झालीत, ओटा आवरणं चाललंय, घरातले आपापल्या स्क्रीनला चिकटलेत, आणि ही ओट्याशी उभी राहून सांगलीच्या मराठीत बोलून घेतेय. दिवसभरात तशी ती दुसऱ्या कुणाशी बोलत असेल, असं मला वाटत नाही. रोज नको, पण आठवड्यातून एकदा तिची सात मिनिटं साध्या वेगाने ऐका. तुम्हीही तेव्हा ओट्याशीच असता.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं ते सांगते.

त्या ४७ मेसेजचे तुम्ही पाच स्क्रीनशॉट पाठवलेत. मोजताना तुम्ही रागात होता, त्यामुळे मोजलेत पण वाचले नसावेत. रात्री ९.४४ ला कैऱ्या येतात. मग मीठ, मग मोहरीची डाळ घरी दळावी की विकतची आणावी, मग सांगलीचा तिच्या सासूबाईंच्या बरण्यांचा किस्सा, जो खरंच फक्कड आहे. ११.५२ ला कोल्हापूर लिहितेय : ‘मी यंदा नाही घालणार लोणचं. खाणारं कोण आहे.’

शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही. ११.५३ ला नाशिकचा दुसरा फोटो, फोडी करून ताटात पसरलेल्या. त्याखाली सांगली, ‘अगं, किती सुरेख कापल्यास!’ मग शुभरात्री, शुभरात्री, चंद्र, झोपलेला चेहरा. कोल्हापूरच्या ओळीला कुणीही उत्तर दिलेलं नाही.

मग मी उरलेले स्क्रीनशॉट फक्त तिच्यासाठी पुन्हा चाळले. अठरांत तिचे नमस्कार अकरा आणि वाक्यं तीन. पहिलं मार्चमधलं, पुण्याने ‘हल्ली काय वाचतेस?’ विचारल्यावर : ‘चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.’ दुसरं एप्रिलमधलं, तुमच्याच एका मेसेजखाली : ‘वाचायला बसलं की पान तेच राहतं.’ तिसरं लोणच्याचं. दुसऱ्या वाक्यावर तुम्ही हसरा चेहरा टाकलाय. तुम्हाला वाटलं असेल, ती पुस्तक कंटाळवाणं आहे म्हणतेय. तसंही असू शकेल.

मी डॉक्टर नाही आणि भविष्यही सांगत नाही. मोतीबिंदू असेल, लेक-जावई परगावी गेले असतील, यजमानांचं मीठ-तेल डॉक्टरांनी बंद केलं असेल, नाहीतर काहीच नसेल, नुसता उन्हाळा असेल. पण काउंटरवर असा वर्गणीदार मी पाहिलाय. दर आठवड्याला पुस्तक बदलणारा माणूस एकच पुस्तक तीनदा मुदत वाढवून नेतो, शिक्क्याखाली शिक्का बसत जातो आणि आत खूण मात्र तिथेच असते, पान चाळीसच्या आसपास. अशा वेळी आम्ही उशिराचा दंड मागायचो नाही. ‘घरी सगळं ठीक ना?’ असंही एकदम विचारायचो नाही, कारण त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. एक जण मला म्हणाला होता, ‘पुस्तक नाही हो, इथवर चालत यायला मिळतं म्हणून बदलतो.’ तेही त्याने सहाव्या खेपेला सांगितलं.

तेव्हा ग्रुप सोडायचा की नाही, हा निर्णय पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि आधी कोल्हापूरला फोन करा. ग्रुपवर ‘काय गं, काय झालं?’ असं अजिबात विचारू नका. विचारलंत तर दोन मिनिटांत चार डॉक्टरांचे नंबर, एक काढा आणि दोन स्तोत्रं तिच्या अंगावर येतील आणि ती बाई पुन्हा हात जोडून मोकळी होईल. दुपारी जेवणं झाल्यावर फोन करा. तब्येतीने सुरुवात करू नका, लोणच्यानेच करा. ‘घालणार नाहीस म्हणालीस ना, मग मी पाठवते, पत्ता जुनाच ना?’ एवढं बोला आणि मग गप्प बसा. गप्प बसणं तुम्हाला जड जाईल, पत्रावरून तसा अंदाज आहे, तरी बसा.

डोळ्यांचंच काही निघालं, तर तिला मराठी पुस्तकं ऐकायची सोय दाखवा. स्टोरीटेलसारख्या ॲपवर बरीच आहेत. त्याहून बरं म्हणजे रात्री नऊनंतर पंधरा मिनिटं तुम्हीच तिला फोनवर वाचून दाखवा. चारशे शब्द वाचायला चार-पाच मिनिटंही लागत नाहीत, पंधरा मिनिटांत कादंबरीची पाच-सहा पानं होतात. त्या हिशेबाने तुमची सहाशे पानं साडेतीन महिने पुरतील. ती ‘नको गं, ऐकताना झोप लागते’ म्हणाली, तर झोपू दे तिला. आणि मुळात काही सांगायचीच नसली, तर तेही तिच्यावर सोडा, लोणचं तेवढं नक्की पाठवा.

वेगळ्या ग्रुपचं विचारलंत. तिघींचा करू नका. सहाजणींतल्या तिघी वेगळ्या झाल्या की उरलेल्या तिघींना ते कळतंच, एखादा मेसेज चुकून भलत्या ग्रुपवर पडतो आणि मग चाळीस वर्षांच्या मैत्रीचा हिशेब निघतो. होस्टेलमध्ये तीन कॉटच्या खोल्यांत काय व्हायचं, आठवा. दोघींचं मात्र जरूर करा. पुस्तकावरच्या खऱ्या गप्पा दोघींतच रंगतात, हे माझं ठाम मत आहे. सहाजणी म्हणजे वाड्याचा ओटा, तिथे येणारा-जाणारा डोकावणारच आणि भाजीवाली हाक मारणारच. तुमच्या आवडीची एखादी कादंबरी सांगलीबरोबर वाचायला घ्या. तिचा बरण्यांचा किस्सा वाचून मला वाटलं, ही बाई माणसं बारकाईने बघते. तिने काय वाचलं हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. विचारलं होतं का कधी?

आणि सहाजणींना बांधणारं काही हवंच असेल, तर ते फोनबाहेरचं ठेवा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत एक चाल आहे : एकाने एक घ्यायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि फिरवायचे. भारतातल्या तुम्ही पाचजणी पाच वेगवेगळे अंक घ्या. समासात पेन्सिलने काय वाट्टेल ते लिहायची मुभा द्या, ‘हे वाचताना दूध उतू गेलं’ असलंसुद्धा. पंधरा दिवसांनी अंक कुरिअरने पुढच्या गावी पाठवायचा. संक्रांतीच्या सुमाराला पाचही अंक सगळ्यांचे वाचून होतात. न्यू जर्सी हिवाळ्यात येणार असेल, तर पाचगणीजवळच्या भिलारला दोन दिवस जमा. २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं. गावातल्या घराघरांत कपाटं आहेत, एका घरी कथा, दुसऱ्या घरी चरित्रं, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा. त्या दिवसांत स्ट्रॉबेरीही असते. तिथे तुम्ही वाचाल किती आणि रेक्टरबाईंची नक्कल कराल किती, ते मी विचारणार नाही.

नाशिकवरचा राग धरून ठेवू नका, पण गिळूही नका. तिला एकटीला लिहा, ‘माझ्या कादंबरीवर कैऱ्या ओतल्यास, याची भरपाई एक बरणी.’ तिला कळेल. नाही कळलं तरी बरणी येईल.

कोल्हापूरशी बोलणं झालं की मला दोन ओळी कळवा. छापणार नाही.

ता. क. ४७ मेसेजमध्ये मिठाचं प्रमाण शेवटपर्यंत कुणीच नीट सांगितलेलं नाही. सांगली ‘अंदाजाने’ म्हणतेय, पुणे ‘चवीनुसार’, आणि पाव करताना चमच्यांची मापं सांगणाऱ्या तुम्ही तेव्हा रुसून बसला होतात. आमच्याकडे किलोभर फोडींना पाव किलोला थोडं कमी घालतात. बरणी आतून ठणठणीत कोरडी हवी. कोल्हापूरला पाठवायचं असेल तर बरणी भरल्यावर आठ दिवस तरी मुरू द्या आणि झाकणाखाली प्लॅस्टिक घालून दोऱ्याने घट्ट बांधा, नाहीतर कुरिअरवाला तेलकट पुडकं दारातूनच परत करील.